मानाचा कॉम्प्युटर

श्री देव आंबेश्वर कोकण प्रवासी सहकारी संस्थेच्या बोरीवलीतल्या कचेरीत माणूस कायम आहे की हंगामी, हे त्याच्या चहावरून ओळखावं. कायम माणसाला चहा काचेच्या कपातून, बशीसकट. हंगामी माणसाला कागदी कपातून, आणि तोही गळ्यापर्यंत नाही. देवेश घाडी संस्थेचे सगळे कॉम्प्युटर सांभाळत होता आणि सहा वर्षं कागदी कप चेपून डब्यात टाकत होता.

चहाचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याला लागलं होतं ते गाडीचं. संस्थेच्या बसगाड्या गणपतीला मुंबईभरच्या कोकणी माणसांना गावी पोचवतात. कायम नोकराच्या घरच्यांना त्यात दोन राखीव जागा असतात, हंगामी नोकराला एकही नाही. त्याने आपलं रांगेत उभं राहावं. बुकिंग उघडलं की पहिल्या तासात गाड्या भरतात, आणि त्या तासात देवेश नेमका कुठल्या तरी टेबलाखाली वायरी धरून बसलेला असायचा, दुसऱ्यांची तिकिटं निघावीत म्हणून. त्यामुळे कांजूरमार्गहून निघालेली त्याची आई मिळेल त्या गाडीने, मिळेल तेव्हा गावी पोचायची. घरचा गणपती दीड दिवसाचा. सहा वर्षं ती माउली फक्त विसर्जनाला पोचत होती.

यंदा मात्र आशा होती. संस्थेचे अध्यक्ष श्यामकांत गावकर, ज्यांना सगळी संस्था भाई म्हणते, त्यांनी चार माणसांसमोर शब्द दिला होता. "देवेश, यंदाचा गणपतीचा बुकिंग नव्या विंडोजवर सुरू करून दाखव. तुका कायम करतंय. नाय जमला तर मात्र बाहेरची कंपनी बघूची लागतली." बुकिंग शनिवारी सकाळी उघडणार होतं आणि काम मंगळवारी सुरू व्हायचं होतं.

काम तसं सोपं होतं. कचेरीत चाळीस कॉम्प्युटर. एकेकासमोर बसून विंडोज टाकायची तर आठवडा जातो, म्हणून देवेशने सर्व्हरवर एक तयार नमुना करून ठेवला होता. विंडोज, बुकिंगचा प्रोग्राम, मराठी टायपिंग, प्रिंटर, सगळं त्यात आलं. कॉम्प्युटर चालू करताना एक बटण दाबायचं, की तो नमुना वायरीतून आपोआप उतरतो, जुनं सगळं पुसून टाकतो आणि तासाभरात मशीन नवं कोरं. आधी तिकीटखिडक्या, मग फोनवरून बुकिंग घेणाऱ्या बायका, मग वरचा मजला, असा त्याचा बेत होता.

हा बेत सोमवारच्या बैठकीत बुडाला. त्याने "आधी खिडक्या" एवढंच म्हटलं, आणि भाईंनी भुवया वर केल्या.

"आधी म्हणजे? अध्यक्षाच्या आधी?"

देवेशने घाईघाईने अध्यक्षांना पहिलं घातलं, तर उपाध्यक्षा रत्नप्रभाताई चष्मा काढून पुसायला लागल्या. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की बैठक लांबते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "फोन विभाग बायकांचा ना, मग असू दे शेवटी," त्या म्हणाल्या. "आम्हाला सवय आहे. आरतीलासुद्धा आम्ही शेवटीच असतो." खिडकीवाले म्हणाले, गिऱ्हाईक येऊन ओरडतं ते आमच्या तोंडावर, तुमच्या नाही. ज्यांच्या गावात शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात आधी टेकायची ह्यावरून दोन वाड्यांनी वर्षानुवर्षं अबोला धरलाय, ती माणसं विंडोज कोणाकडे आधी उतरणार हे असंच सोडून देतील, असं देवेशला वाटलंच कसं कोण जाणे. कॉम्प्युटर झाला तरी मान तो मानच.

तेव्हा देवेशने डोकं चालवलं. "सर्व्हर सगळ्यांना एकदम पाठवू शकतो," तो म्हणाला. "एकाच वेळी चाळीसही मशीनवर सुरू होईल, एकाच वेळी संपेल. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही."

बैठक खूश झाली. रत्नप्रभाताईंनी चष्मा घातला. भाई म्हणाले, "शाबास रे घाड्या," आणि देवेशही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत घरी गेला. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय हे त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

मंगळवारी भाईंनी मुहूर्त काढला होता. चाळीस माणसं चाळीस कॉम्प्युटरांसमोर बसली. भाईंनी केबिनचं दार उघडं ठेवून, आपल्या खुर्चीतूनच "एक, दोन, तीन" म्हटलं आणि चाळीस बोटं एकदम पडली. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीसही पडद्यांवर आकडा आला होता चार टक्के.

देवेश सर्व्हरसमोर जाऊन बसला आणि थोड्याच वेळात त्याला सगळा उलगडा झाला. सगळ्यांना एकदम पाठवायचं हे पंगत वाढण्यासारखं असतं. शेवटच्या पानावरचा भात संपल्याशिवाय वाढपी पुढचा पदार्थ आणत नाही. इथे एकोणचाळीस पानं कधीचीच चाटूनपुसून बसली होती आणि चाळिसाव्या पानावरचा माणूस शीत न् शीत वेचत होता. सर्व्हरच्या पडद्यावर त्या चाळिसाव्या मशीनचं नाव स्वच्छ दिसत होतं: अध्यक्ष.

दोष भाईंच्या कॉम्प्युटरचा नव्हता, तो कचेरीतला सगळ्यात महागडा. दोष वायरीचा होता. कोणा वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून भाईंनी आपली केबिन उचलून नैर्ऋत्य कोपऱ्यात नेली होती. जुनी वायर तिथवर पुरेना. भाईंच्या भाच्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्याने दुसऱ्या वायरीचा तुकडा घेतला, तारा एकमेकींना पिळल्या, वरून काळी टेप गुंडाळली आणि हात झटकले. एरवी भाई कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, तेवढ्याला ती वायर पुरत होती. नवी टाकायची तर मधल्या, कचेरीच्या देव्हाऱ्याच्या भिंतीला भोक पाडायला हवं, आणि देवाच्या भिंतीवर हातोडा पडणार नाही असं भाईंनी जाहीर करून ठेवलेलं.

उपायही देवेशला तेव्हाच कळला. भाईंचं मशीन पंगतीतून उठवायचं. एकोणचाळीस मशीनं तासाभरात पूर्ण झाली असती, भाईंचं मागाहून वेगळं करता आलं असतं. फक्त कोणीतरी केबिनमध्ये जाऊन एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं: भाई, तुमच्यामुळे सगळे अडलेत, तुम्ही जरा बाजूला व्हा.

देवेश केबिनच्या दारापर्यंत गेलाही. भाई पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले होते आणि भलत्याच आनंदात होते.

"पाच टक्के!" त्यांनी बाहेरच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग देवेशला म्हणाले, "मी बघतंय, माझ्याकडे पाच झाले की बाहेर सगळ्यांकडे पाच. माझ्याबरोबर चलतत सगळे. ह्येका म्हणतत संस्था!"

देवेश "हो भाई" म्हणाला आणि परत आला. गुपचूप सर्व्हरवरून भाईंचं मशीन तोडावं असंही त्याच्या मनात आलं. पण भाई त्या आकड्यावरून नजर काढायला तयार नव्हते. तिथे लाल अक्षरं आली असती की अर्ध्या मिनिटात बोंब झाली असती.

संध्याकाळी आकडा नऊ टक्क्यांवर असताना शिपाई धर्माने मेन स्विच खाली ओढला. कचेरी बंद होताना मेन स्विच पाडायचा हा संस्थेचा जुना नियम होता आणि धर्मा तो इमानेइतबारे पाळत होता. सकाळी सगळं पुन्हा शून्यापासून. स्विच रात्रभर चालू ठेवायचा तर अध्यक्षांची परवानगी हवी, परवानगीसाठी कारण द्यायला हवं, आणि कारण एकच होतं. चाळीस मशीनवरचं जुनं तर केव्हाच पुसलं गेलं होतं, म्हणजे परतीची वाटही बंद.

बुधवारी देवेशने खूप काम केलं, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. त्याने चांगल्या वायरी काढून दुसऱ्या चांगल्या वायरी लावल्या. सर्व्हर बंद करून चालू केला. टेबलाखाली शिरून तोंडात टॉर्च धरून उगाच तपासणी केली. लोकांना वाटलं, पोरगा मरमर मरतोय. मग अंधेरीहून निमेश आला. ह्याच्याच दुकानातून संस्थेने मशीनं घेतली होती. त्याने सर्व्हरकडे एकदा बघितलं, मग केबिनकडे बघितलं आणि देवेशला जिन्यात नेलं.

"बॉस, ते एक मशीन काढ ना. बाकी सगळे उडतील."

"तू सांग भाईंना."

निमेशने खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली. "माझं तर कस्टमर आहे ना ते. मी असं करतो, नवीन नेटवर्क स्विचचं कोटेशन पाठवतो."

तो गेला आणि त्याने ते खरोखरच पाठवलं. भाईंनी त्यावर "विचाराधीन" असा शेरा मारला. त्या दिवशी संध्याकाळी दहा टक्क्यांवर धर्माने स्विच पाडला.

गुरुवारपर्यंत खालच्या फाटकाशी माणसं विचारायला येऊ लागली होती. शनिवारी बुकिंग नक्की ना? मुलुंडहून, मानखुर्दहून फोन. फोन विभागातली नेत्रा अडकलेल्या आकड्यासमोर बसून, फोनवर माणसांची समजूत घालत वहीच्या पाठच्या पानावर फुलं काढत होती. तिने देवेशला हाक मारली.

"देव्या, एक सांग. भाईंच्या वायरीचा लोच्या आहे ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दर वेळी भाई ओरडतात तेव्हाच आपला आकडा हलतो. आम्हाला काय डोळे नाहीत? रत्नप्रभाताईंना पण माहितीये."

"मग त्या का नाही सांगत?"

"त्या म्हणतात, तो तांत्रिक विषय आहे, देवेशने सांगावं. म्हणजे भाई भडकले तर तुझ्यावर, आणि पडले तोंडघशी तर ह्यांना बरंच." नेत्राने पेन टोपणात घातलं. "तूच सांग ना यार, एकदाचं. वाट लागलीये सगळ्यांची."

"तू कायम आहेस. तुला बोलायला सोपं आहे."

"मी कायम आहे म्हणून तर गप्प आहे," नेत्रा म्हणाली.

दुपारी तांत्रिक अडचण निवारण समिती बसली. अध्यक्ष अर्थात भाई. एकाने सर्व्हरचं तोंड दक्षिणेला असल्याचं निदर्शनास आणलं. एक म्हणाला, चाळीस हा आकडाच वाईट, एक्केचाळीस करा. देवेशने "नेटवर्कमध्ये थोडा भार आहे" असं कोणालाच न टोचणारं वाक्य टाकलं आणि स्वतःचीच लाज वाटून टेबलाकडे बघत बसला. शेवटी कोपऱ्यातून सहदेवकाकांनी हात वर केला. संस्था ज्यांनी उभी केली त्यातले हे उरलेले एकटेच. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज गेला होता, नुसती फुसफुस यायची, आणि म्हणून ते बोलायला लागले की सगळे गप्प होत.

"गाऱ्हाणा खंय घातलात?" काका म्हणाले. "चाळीस यंत्रां एकदम सुरू केलात. पेढे खाल्लात. देवाक विचारलात?"

बैठकीने सुटकेचा निःश्वास टाकला. खरंच की! नवी गाडी आली की गाऱ्हाणं होतं, हंगामाची पहिली बस सुटते तेव्हा होतं. नारळ घेऊन देवासमोर उभं राहायचं, काय हवं नको ते मोठ्याने देवाला सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावाकडे त्याच्याशिवाय पान हलत नाही. आणि ह्या वेळी साफ विसरले! कारण सापडलं. कारण कोणाच्याच अंगाला चिकटणारं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना एकदम पटलं.

"पण गाऱ्हाणा घालतलो कोण? काकांचो आवाज नाय," भाई म्हणाले.

काकांनी बोट सरळ देवेशकडे केलं. "ह्यो घाड्याचो मा? ह्येचो आजो देवळात गाऱ्हाणा घाली तेवा नदीपलीकडे ऐकाक येय."

देवेशने आजोबांना फोटोत पाहिलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं. पण गावात गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा, आणि आडनावातून पळून कुठे जाणार? शुक्रवारी सकाळी दहाला, असं ठरलं.

घरी आला तर आई पिशवी रिकामी करत होती. गावी न्यायचा कापूर, वाती, वस्त्रमाळा ती महिनोन् महिने आधीपासून जमवते. ते सगळं तिने शेजारणीसाठी एका डब्यात भरलं होतं, शेजारीण जाणार होती म्हणून.

"तू?" देवेशने विचारलं.

"मी नाय जात यंदा. नुसता पाण्यात सोडूक एवढ्या लांब कित्याक जाव?" तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि ती पोळ्या लाटायला गेली. देवेशला त्या रात्री भाईंचा राग आला नाही. त्याला स्वतःचा आला, आणि चांगला सणसणीत आला. तीन दिवस आपण टेबलांखाली रांगत होतो, कशासाठी? एका माणसाला वाईट वाटेल म्हणून. इथे आईने पिशवी रिकामी केली.

शुक्रवारी दहाला सगळी कचेरी देव्हाऱ्यासमोर जमली. भाई पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून. त्यांच्यामागे रत्नप्रभाताई आणि समिती. धर्माने नारळ देवेशच्या हातात दिला. देवेशने घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस गळ्यांतून आलं. त्याच्या अंगावर काटा आला.

"आज ह्या बोरीवलीच्या ठिकाणी तुझी सगळी लेकरां, लहान-थोर, नारळ घेवन तुझ्या पायाकडे उभी असत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या नावान ही संस्था चलता. तिचे कॉम्प्युटर चार दिस आंधळे होवन बसलेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत त्याने नेत्राच्या मोबाइलवर ऐकून पाठ केलं होतं. पुढचं आठवेना. समोर नारळ, समईची ज्योत, पाठीमागे वाट बघणारी माणसं. आणि एकाएकी त्याच्या ध्यानात आलं की आपण भाईंशी बोलतच नाही आहोत. आपली पाठ आहे भाईंकडे. देवाशी बोलताना खोटं कशाला बोलायचं, आणि भ्यायचं तरी कोणाला? त्याचा आवाज आपोआप चढला.

"ते कित्याक बसलेत, तां तुका ठावक असा, आणि हंय जमलेल्या सगळ्यांका ठावक असा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चाळीस जण एका पंगतीक बसले. एकाचा जेवाण सरणा नाय, म्हणान एकोणचाळीस उपाशी रवले रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती खोट भाईंच्या केबिनीतल्या वायरीत असा! जोड दिलेली, टेप गुंडाळलेली वायर असा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवय ती सवय. तोंडं आपली आपण बोलली. मागून कोणीतरी दचकून श्वास ओढल्याचं देवेशला ऐकू आलं, पण आता गाडी घाटाला लागली होती.

"ती वायर आज काढून बाजूक ठेवची बुद्धी दी! भाईंचा मशीन मागसून येगळा करूया, आणि ह्या एकोणचाळीस लेकरांची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळचा सगळ्यात मोठा आवाज पहिल्या रांगेतला होता. डोळे मिटून, सगळ्या श्रद्धेनिशी भाई ओरडले होते. मग त्यांनी डोळे उघडले. हात तसेच जोडलेले, आणि आपण कशाला हो म्हटलं ते हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर चढत गेलं. रत्नप्रभाताई चष्मा पुसू लागल्या.

सहदेवकाका पुढे आले आणि फुसफुसले, "देवाक शब्द दिलो, श्यामकांत. आता मागे नाय."

भाई केबिनमध्ये गेले, खाली वाकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वायर उपटली. बाहेर एकोणचाळीस पडद्यांवरचे आकडे पळत सुटले. सात, पंधरा, तीस. फोनवाल्या बायका आकडे मोठ्याने म्हणू लागल्या. जेवणाच्या सुट्टीच्या आत बुकिंगचा प्रोग्राम सगळीकडे उघडला होता. समितीने लगेच निष्कर्ष नोंदवला की अडचण गाऱ्हाण्याअभावी होती, व यापुढे संगणकाचे कोणतेही काम गाऱ्हाण्याशिवाय करू नये. देवेशला कोणी काही बोललं नाही. फक्त धर्माने त्याला कागदी कप गळ्यापर्यंत भरून दिला.

दुपारी केबिनमधून बोलावणं आलं.

भाईंचा पडदा काळा होता, वर लाल अक्षरांची एक ओळ. वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली.

"बस. तुका कधीपासून ठावक होता?"

"मंगळवारी दुपारपासून, भाई."

"म्हणजे मी टक्के सांगी होतंय तेव्हा..."

"हो."

"बाकीच्यांका?"

"सगळ्यांना, भाई. धर्मालासुद्धा."

भाईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मोठा माणूस असा लहान होऊन बसलेला देवेशला बघवेना. मग एकदम भाईंनी टेबलावर हात आपटला. "पण माका सांगूक काय झाला होता? मी काय खातंय कोणाक? ह्या केबिनीत येवन कोणीही, काहीही, माझ्या तोंडार..."

दारात नेत्रा उभी होती. "भाई, जरा एक बोलायचं..."

"आता नको!" भाई गरजले. नेत्रा गेली.

भाईंनी कपाळ पुसलं. "बरं. शब्द दिलो तो दिलो. तुझी ऑर्डर काढतंय. पण असली ऑर्डर मी माझ्या मशीनवर स्वतः टाईप करतंय, स्टाफच्या हातात देत नाय. माझा मशीन सुरू झाला की बघूया. त्येका किती दिस लागतले?"

"अर्धा-पाऊण तास," देवेश म्हणाला. "पेनड्राइव्हने होतं."

"पेनड्राइव्हान?" भाईंचे डोळे बारीक झाले. "मंगळवारी झाला असता?"

आता मध्ये देव नव्हता, नारळ नव्हता, पाठ करून उभं राहायची सोय नव्हती. "झालं असतं, भाई. मला तुमची भीती वाटली, म्हणून चार दिवस फुकट गेले."

भाई नुसतं "हं" म्हणाले आणि खुर्ची मागे घेऊन त्यांनी त्याला वाट दिली.

मशीन झालं. भाईंनी चष्मा चढवला, बाह्या सरसावल्या आणि उजव्या हाताच्या एका बोटाने ऑर्डर टाईप करायला घेतली. 'श्री' सापडायला वेळ गेला. 'देवेश'मधला 'श' तीनदा 'ष' झाला. बोट हवेत फिरायचं, अक्षर शोधायचं, पडायचं, आणि मग भाई पडद्याकडे बघून मान हलवायचे. पहिली ओळ होईस्तोवर बाहेर माणसं पिशव्या आवरू लागली होती. देवेश शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. "हो भाई, सावकाश" हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. त्याने ते गिळले.

"भाई, सरका," तो म्हणाला. "मी करतो. तुम्ही फार हळू आहात."

भाईंचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. मग उठले. देवेश अध्यक्षांच्या खुर्चीत बसला आणि भाई त्याच्या मागे उभे राहून सांगू लागले. "संस्थेच्या सेवेत कायम करण्यात येत आहे... घातलास? आता तारीख. येत्या एक एप्रिलपासून."

एक एप्रिल म्हणजे गणपती उलटून गेल्यावर सात महिन्यांनी. देवेशची बोटं थांबली नाहीत. त्याने तारीख टाईप केली आणि पडदा भाईंकडे वळवला.

"आजची घातलीये, भाई. उद्या बुकिंग उघडतंय. माझ्या आईला गाडीत जागा पाहिजे."

भाईंनी पडदा वाचला, पुन्हा एकदा वाचला. बाहेर धर्मा मेन स्विचकडे निघाल्याची चाहूल लागली. भाईंनी दारातून हाक दिली, "धर्मा, थांब जरा. प्रिंट येवक होयी," आणि ते सहीसाठी खिशात पेन शोधू लागले.